जागा संपलेल्या फोनसाठी ‘फाइल्स’: द्राक्षपट्ट्यातल्या दोन फोनांवर घेतलेली पारख

‘फाइल्स बाय गूगल’ हे ॲप मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि अनेक अँड्रॉइड फोनांत ते खरेदीच्या दिवसापासूनच बसवलेले असते. तरीही जागा संपल्याची सूचना झळकू लागली की बहुतेक लोक त्याच्याकडे वळत नाहीत. ते एक तर गॅलरी उघडून समोर दिसतील ते फोटो पुसत बसतात, नाही तर प्ले स्टोअरवर ‘क्लीनर’ असा शब्द टाकून पहिले जे येईल ते बसवतात. मी हे ॲप दोन फोनांवर वापरते आहे. एक माझा स्वतःचा, ६४ जीबीचा. त्यात नाशिकच्या ज्या महाविद्यालयात मी ग्रंथालयाचे काम पाहते तिथल्या पीडीएफ आणि घरचे फोटो असतात. दुसरा माझ्या मामांचा, ३२ जीबीचा. त्यांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, आणि ॲपची खरी परीक्षा त्या दुसऱ्या फोनवरच झाली. माझे मत आधीच सांगून टाकते. नको असलेल्या गोष्टी शोधून त्या नीट वर्गवारी करून समोर मांडण्यात हे ॲप उत्तम आहे. पण फोन ज्यांमुळे खरोखर भरतो त्यांतल्या बऱ्याच गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि हा फरक समजून न घेता ते वापरले तर थोड्याच दिवसांत तीच सूचना पुन्हा दिसू लागते.

खोक्यावर ३२ जीबी छापलेले असले तरी ती सगळी जागा वापरणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. अँड्रॉइड प्रणाली आणि कंपनीने आधीच टाकून दिलेली ॲप्स मिळून त्यातला मोठा भाग फोन हातात पडण्यापूर्वीच व्यापून बसतात. शिवाय उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट असे मोजतात, तर काही सॉफ्टवेअर १०२४च्या पटीत मोजतात. त्या हिशेबाने ६४ जीबीचे ५९.६ दिसू लागतात आणि विनाकारण दुकानदारावर संशय घेतला जातो. उरलेल्या जागेतलीही थोडी कायम मोकळी ठेवावी लागते. फोनमधल्या फ्लॅश मेमरीत जुन्या मजकुरावर थेट नवे लिहिता येत नाही, आधी आख्खा ब्लॉक, म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा, पुसावा लागतो, आणि या अदलाबदलीसाठी रिकामे ब्लॉक हाताशी नसले की प्रत्येक लिखाणाला वेळ लागू लागतो. मामा ज्याला ‘फोन जड झालाय’ म्हणतात त्यामागे बहुतेक वेळा हेच असते: कॅमेरा उघडायला उशीर, ॲप अद्ययावत होण्यास नकार, आणि ऐन वेळी फोटो काढायचा तर ‘जागा अपुरी आहे’ असा संदेश.

आमच्या भागात ही ऐन वेळ ठरलेली असते. एप्रिलची खरड छाटणी शांततेत जाते, पण ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर वातावरण ढगाळ झाले की डाऊनी या द्राक्षावरच्या केवडा रोगाच्या धास्तीने प्रत्येक बागायतदार पानाच्या वरून, पानाच्या खालून, घडाजवळून असे फोटो काढून सल्लागाराला आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर पाठवू लागतो. तेच फोटो चार गटांतून फिरून पुन्हा आपल्याकडे येतात. त्यात औषधांच्या मात्रेचे हाताने लिहिलेले कागद, लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या कांद्याच्या भावाची रोजची चित्रे, सात-बाराच्या पीडीएफ आणि पाहुण्यांचे लग्नाचे व्हिडिओ येऊन मिळतात. २०२१च्या ऑगस्टपासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसाठी शेतकऱ्याला फोनमधून पिकाचा फोटो काढून नोंद करावी लागते, त्यामुळे भरलेला फोन ही आता केवळ गैरसोयीची बाब राहिलेली नाही. आणि या सगळ्यावर रोज सकाळी उगवत्या सूर्याची, गुलाबाची आणि सुविचारांची चित्रे. भारतातले फोन अडकण्यामागे या ‘गुड मॉर्निंग’ चित्रांचा मोठा वाटा असल्याचे गूगलच्या संशोधकांच्या लक्षात आल्याची बातमी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१८च्या जानेवारीत दिली होती, आमच्या गटांवर ती बातमी कोणी पाठवल्याचे मला आठवत नाही.

याच निरीक्षणाच्या पार्श्वभूमीवर हे ॲप आले आहे. २०१७च्या डिसेंबरमध्ये दिल्लीतल्या कार्यक्रमात ते ‘फाइल्स गो’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि पुढल्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याला आजचे नाव मिळाले. कमी क्षमतेच्या फोनांसाठी ते मुद्दाम हलके ठेवले होते. सुरुवातीला त्याचा आकार सहा एमबीपेक्षाही कमी होता. चाचणीच्या काळात सरासरी वापरकर्त्याची एक जीबी जागा मोकळी झाली, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. हा आकडा मला प्रामाणिक वाटतो, आणि त्यातच ॲपची मर्यादाही दिसते. फोनच्या कॅमेऱ्यात फुल एचडीचे चित्रीकरण साधारण १७ मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने साठवले जाते असे धरले, तर एका मिनिटाला सुमारे १२७ एमबी लागतात. म्हणजे आठ मिनिटांच्या एका व्हिडिओत एक जीबी संपतो. हळदीतले नाच कोणी सलग चित्रित केले की मोकळी केलेली सगळी जागा त्याच संध्याकाळी भरून निघते.

ॲप उघडल्यावर ते सर्व फाइल पाहण्याची परवानगी मागते. फाइल व्यवस्थापकाला ही परवानगी लागतेच, त्यामुळे इथे बिचकण्याचे कारण नाही. मात्र हीच परवानगी एखादे टॉर्चचे किंवा पंचांगाचे ॲप मागू लागले तर ती देऊ नये. मांडणी साधी आहे. एका विभागात फोटो, व्हिडिओ, ऑडिओ, कागदपत्रे, डाउनलोड आणि ॲप्स अशी वर्गवारी दिसते. दुसऱ्यात साफसफाईच्या सूचना असतात आणि प्रत्येक सूचनेसोबत किती जागा मोकळी होईल हे लिहिलेले असते. मामांच्या फोनमध्ये मी आधी हा दुसरा विभागच उघडला, आणि त्यांना शेजारी बसवून घेतले. फोन त्यांचा आहे आणि त्यातले काय महत्त्वाचे हे त्यांनाच ठाऊक, एवढेच त्यामागचे कारण.

सर्वांत निर्धास्तपणे पुसण्याजोगी गोष्ट म्हणजे तात्पुरत्या फाइल आणि बसवून झालेल्या ॲपच्या उरलेल्या एपीके, म्हणजे ॲप बसवण्यापुरत्या लागणाऱ्या, फाइल. त्या काढायला विचार करावा लागत नाही, पण त्यातून मिळणारी जागाही बेताचीच असते. खरी किंमत आहे ती दुहेरी फाइलींच्या सूचनेला. व्हॉट्सॲपवरून आपण एखादा फोटो पाठवतो तेव्हा गॅलरीतला मूळ फोटो तसाच राहतो आणि पाठवलेल्याची एक प्रत ‘सेंट’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जमा होते. तोच फोटो दुसऱ्या गटातून परत आला की आणखी एक प्रत. यांतल्या बाइटन् बाइट सारख्या असलेल्या प्रती ॲप अचूक जोडून दाखवते आणि एक राखून बाकीच्या पुसू देते. पण व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो आक्रसतो, म्हणून कॅमेऱ्यातला मूळ फोटो आणि पाठवलेली प्रत या संगणकाच्या लेखी दोन वेगळ्या फाइल ठरतात, आणि डोळ्यांना एकसारख्या दिसत असूनही त्या या यादीत येत नाहीत. एकाच घडाचे पाठोपाठ काढलेले सहा फोटोही येत नाहीत. तिथे अंगठाच वापरावा लागतो.

त्यानंतर येतात मोठ्या फाइल. माझ्या मते ॲपमधली सर्वांत उपयोगी यादी हीच आहे, कारण ती आकारानुसार लावता येते आणि जागेचे खरे वाटेकरी पहिल्या दोन पडद्यांतच उघडे पडतात. मामांच्या फोनमध्ये सर्वांत वर एका नातेवाइकाच्या साखरपुड्याचे संपूर्ण चित्रीकरण होते, त्याखाली द्राक्षाच्या चर्चासत्राची तासाभराची ध्वनिमुद्रिते, आणि मग कोणी तरी पाठवलेली कीर्तने. ही यादी पाहताना मामा पहिल्यांदा स्वतःहून म्हणाले, “अगं, हे तर मी एकदा पण नाही पाहिलं.” पाचशे सुविचार एकेक करून पुसण्यापेक्षा असे तीन व्हिडिओ काढणे अधिक फलदायी असते, पण लोक नेमके उलटे करतात, कारण गॅलरीत सुविचार संख्येने जास्त दिसतात.

मीम आणि स्क्रीनशॉट यांच्या सूचनांबाबत मी जरा सावध राहीन. चित्रावर अक्षरे असणे हा सुविचाराचाही गुण आहे आणि फवारणीच्या वेळापत्रकाचाही, आणि यंत्राने केलेल्या निवडीकडून यापेक्षा फार बारीक विवेकाची अपेक्षा करता येत नाही. ‘सर्व निवडा’ हे बटण म्हणूनच या दोन ठिकाणी दाबू नये. मामांनीही त्याच जागी मला थांबवले: “तो डाऊनीच्या औषधाचा कागद गेला तर दुकानात काय दाखवू मी?” कागद शोधून वेगळ्या फोल्डरमध्ये हलवला. ॲपमध्ये फोल्डर तयार करणे सोपे आहे, आणि ‘बाग’, ‘बँक’, ‘सात-बारा’ असे तीन फोल्डर केल्यावर पुढच्या साफसफाईत कशाला हात लावायचा नाही हे आपोआप ठरून गेले. या एका कामात आमचा जेवढा वेळ गेला तेवढा बाकी सगळ्यात मिळून गेला नसेल, पण तो मला सत्कारणी लागला असे वाटते.

पुसलेले लगेच नाहीसे होत नाही, ते ‘ट्रॅश’मध्ये जाते आणि तीस दिवसांनी कायमचे पुसले जाते. चुकून गेलेला फोटो परत आणण्यासाठी ही सोय चांगली आहे, मात्र तोवर त्या फाइल फोनमधली जागा अडवूनच असतात. सगळे पुसूनही आकडा हलत नाही अशी तक्रार अनेक जण करतात, तिचे कारण बहुधा हेच असते. घाई असेल तर ट्रॅश हाताने रिकामा करावा, नसेल तर महिनाभर तसाच राहू द्यावा. आम्ही मामांचे व्हिडिओ तेवढे लगेच काढून टाकले आणि फोटो ट्रॅशमध्ये राहू दिले.

आता आवाक्याबाहेरच्या गोष्टी. अँड्रॉइड ६ पासून बाहेरून बसवलेल्या साध्या ॲपला दुसऱ्या ॲपची कॅश, म्हणजे त्याने तात्पुरता साठवलेला मजकूर, पुसता येत नाही, आणि अँड्रॉइड ११ पासून दुसऱ्या ॲपच्या खासगी फोल्डरमध्ये डोकावण्यावरही कडक बंधने आली. हे सुरक्षिततेसाठी योग्यच झाले. पण त्यामुळे एखाद्या चित्रपटांच्या ॲपमध्ये उतरवून ठेवलेले भाग, ब्राउझरची साठवण किंवा व्हिडिओच्या ॲपची कॅश यांवर कोणताही फाइल व्यवस्थापक थेट उपाय करू शकत नाही. त्यासाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या त्या ॲपच्या नावाखाली कॅश पुसावी लागते. तिथे शेजारीच ‘डेटा पुसा’ असेही बटण असते, ते दाबले की ॲप नव्याने बसवल्यासारखे होऊन त्यातली नोंद आणि लॉगइन जाते, तेव्हा बोट जपून ठेवावे. मामांच्या फोनमध्ये कोणी तरी बसवून दिलेले एक ‘क्लीनर’ होते. ते दर थोड्या वेळाने पूर्ण पडदाभर जाहिरात दाखवून अमुक इतका कचरा सापडल्याचे सांगत असे. वरच्या बंधनांमुळे असल्या ॲपला फारसे काही करता येण्यासारखे उरतच नाही, आणि ते स्वतः मात्र जागा, बॅटरी आणि डेटा तिन्ही खाते. ते काढून टाकणे हीच त्या दिवसाची पहिली साफसफाई होती.

व्हॉट्सॲपचा प्रश्न वेगळा आणि सर्वांत मोठा आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहिते. त्याचे फोटो आणि व्हिडिओ ‘फाइल्स’ला दिसतात आणि पुसताही येतात, पण कोणत्या गटाने किती जागा घेतली हे त्याला कळत नाही. ते व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, साठवण आणि डेटा या भागातल्या साठवण व्यवस्थापनात दिसते. २०२०च्या अखेरीस त्याची नवी मांडणी आली. तिथे पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइल आणि अनेकदा पुढे पाठवलेले संदेश असे दोन गठ्ठे वर असतात, आणि खाली गटवार यादी असते. मामांच्या फोनमध्ये द्राक्षाच्या सल्ल्याचा गट पहिला येईल अशी माझी खात्री होती, पण तो तिसरा निघाला. पहिला होता भाऊबंदांचा. इथे एक मोठा फरक लक्षात ठेवावा: ‘फाइल्स’मधून पुसलेल्याला ट्रॅशचा आधार असतो, व्हॉट्सॲपच्या या पानावरून पुसलेल्याला नसतो. म्हणून आधी हवे ते बाजूला काढावे, मग इथे यावे.

मात्र पुसण्यापेक्षा येणे थांबवणे महत्त्वाचे. माध्यमे आपोआप उतरवण्याच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग या तिन्हींसाठी फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, कागदपत्रे अशा चौकटी असतात. आम्ही मोबाइल डेटावर फक्त फोटो ठेवले, कारण बागेत उभे असताना सल्लागाराने पाठवलेले चित्र तत्काळ दिसले पाहिजे; बाकी सगळे बंद केले. आता व्हिडिओ अंधूक दिसतो आणि हवा असेल तर टिचकी मारून उतरवावा लागतो. मामांना हा बदल पहिल्यांदा त्रासाचा वाटला, पुढे त्यांनाच तो सोयीचा वाटू लागला, कारण इंटरनेटचा रोजचा कोटा दुपारी संपणे बंद झाले. काही लोक ‘माध्यमे गॅलरीत दाखवा’ हा पर्याय बंद करून जागा वाचल्याचे समाधान मानतात. त्याने गॅलरी स्वच्छ दिसते एवढेच. फाइल फोनमध्येच असतात आणि जागा तितकीच व्यापतात. व्हॉट्सॲप फोनमध्येच संदेशांचे अलीकडच्या सात दिवसांचे बॅकअप ठेवते, तेही ‘फाइल्स’मधून दिसतात, पण त्यांना हात न लावणे बरे. फोन बिघडला तर जुने संदेश परत मिळवण्याचा तो एक मार्ग असतो.

जे पुसायचे नाही पण फोनमध्ये ठेवायचेही नाही, त्याचे काय करायचे? माझे उत्तर ओटीजी पेनड्राइव्ह हे आहे. टाइप-सी आणि साधी यूएसबी अशी दोन तोंडे असलेला पेनड्राइव्ह एमजी रोडवरच्या मोबाइलच्या दुकानांत सहज मिळतो. तो फोनला लावला की ‘फाइल्स’मध्ये वेगळी साठवण म्हणून दिसू लागतो आणि निवडलेले फोटो त्यावर हलवता येतात. ॲपमधून मेमरी कार्डवरही असेच हलवता येते, आणि मामांच्या फोनमध्ये कार्डाची जागा असल्याने आम्ही दोन्ही केले. ‘हलवा’ आणि ‘प्रत करा’ यांत माझा कल प्रत करण्याकडे आहे: आधी प्रत करावी, पेनड्राइव्ह संगणकाला लावून फोटो उघडतात का ते पाहावे, आणि मगच फोनमधले पुसावेत. हलवताना मध्येच पेनड्राइव्ह निसटला तर कुठली फाइल कुठे आहे हे शोधत बसण्याची वेळ येते.

कार्ड घेताना किमतीच्या मोहात पडू नये. बाजारात कमी क्षमतेच्या कार्डावर मोठा आकडा छापलेली बनावट कार्डे असतात. ती फोनला लावल्यावर छापील क्षमताच दाखवतात, कारण कार्डाचा कारभार पाहणाऱ्या आतल्या चिपलाच, म्हणजे कंट्रोलरला, तसे खोटे सांगायला शिकवलेले असते. खरी क्षमता भरली की पुढच्या फाइल नावापुरत्या दिसतात, उघडत मात्र नाहीत. मामांनी पूर्वी एकदा रस्त्यावरून घेतलेल्या कार्डात मुलीच्या बारशाचे फोटो असेच गेले. नवे कार्ड पूर्ण भरून, फाइल उघडून पाहिल्याशिवाय त्यावर एकमेव प्रत ठेवू नये. ॲप्स कार्डावर ठेवायची असतील तर कार्डावर ए१ किंवा ए२ हे चिन्ह पाहावे: ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० विखुरलेली वाचने आणि ५०० लेखने, ए२ म्हणजे ४००० आणि २०००. नुसते फोटो ठेवायचे असतील तर क्लास १० हा वेगाचा दर्जा पुरतो. आणखी एक अडचण व्हिडिओंची येते. फॅट३२ पद्धतीने बांधलेल्या, म्हणजे फॉरमॅट केलेल्या, पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, मग पेनड्राइव्ह कितीही रिकामा असो. एक्सफॅटमध्ये ही मर्यादा नाही, पण काही जुने फोन एक्सफॅट वाचत नाहीत, तेव्हा पेनड्राइव्ह बदलून बांधण्यापूर्वी आपल्या फोनवर चाचणी घ्यावी.

क्लाउडचा सल्ला सगळेच देतात, मी तो अर्ध्या मनाने देते. गूगल फोटोजमध्ये ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय चांगला चालतो: ज्यांचा बॅकअप झाला आहे असे फोटो फोनमधून काढले जातात आणि ऑनलाइन राहतात. मात्र १ जून २०२१ पासून फोटोंची अमर्याद मोफत साठवण बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबी, आणि अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. फोटोजच्या ॲपमधून बॅकअप झालेला फोटो ‘डिलीट’ केला तर तो ऑनलाइनही पुसला जातो, ही गोष्ट घरातल्या मोठ्यांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. निफाडच्या बाजूला मळ्यातल्या घरी नेटवर्क जेमतेम असते, त्यामुळे मामांसाठी पेनड्राइव्हच खरा. माझ्यासाठी, गंगापूर रोडला वाय-फाय असताना, क्लाउड सोयीचा आहे, आणि ग्रंथालयाच्या पीडीएफ मी ड्राइव्हवरच ठेवते.

न वापरलेल्या ॲप्सची सूचनाही ‘फाइल्स’ देते. मामांच्या फोनमध्ये तिच्यातून दोन खेळ आणि एक जुने बँकेचे ॲप सापडले. प्ले स्टोअरने २०२३ पासून ॲप आपोआप ‘अर्काइव्ह’ करण्याची सोय दिली आहे. तीत ॲपचा मुख्य भाग काढला जातो, आपली नोंद राहते आणि चिन्हावर टिचकी मारली की ते पुन्हा उतरते. वर्षातून एखाद्या हंगामात लागणाऱ्या ॲपसाठी ही सोय पूर्ण काढून टाकण्यापेक्षा चांगली आहे.

‘सेफ फोल्डर’ हा पिनने बंद होणारा कप्पा मी वापरते, पण मामांना तो सुचवला नाही. पिन विसरला की आतल्या फाइल परत मिळत नाहीत, आणि त्यांचे पिन कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेले असतात.

ज्यांच्या फोनमध्ये कंपनीचा स्वतःचा चांगला फाइल व्यवस्थापक आहे, त्यांना हे ॲप वेगळे घ्यायची गरज नाही. दोन्ही ठेवले तर कोणत्या ट्रॅशमध्ये काय गेले याचा गोंधळ होतो. जुन्या, ३२ किंवा ६४ जीबीच्या फोनवर मात्र मी याला पाचपैकी चार गुण देईन, आणि एक गुण व्हॉट्सॲपची गटवार माहिती इथेच दिसत नाही म्हणून कापेन, जरी त्यात दोष या ॲपचा नाही.

२०२७च्या सिंहस्थात रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात फोन असणार आहे. मागचे पर्व २०१५चे; त्यानंतर फोनचे कॅमेरे कितीतरी सुधारले आणि त्यासोबत व्हिडिओंचे आकारही वाढले. गर्दीत नेटवर्क मंदावते, तेव्हा तिथे उभे राहून क्लाउडवर काही चढवू म्हटले तरी ते जमेल याचा भरवसा नाही. पर्वणीला जाण्यापूर्वी घरीच मोठ्या फाइलींची यादी उघडावी, ट्रॅश रिकामा करावा, कॅमेऱ्याची सेटिंग फोर-के ऐवजी फुल एचडीवर आणावी, आणि फोनमध्ये निदान पाच-सहा जीबी मोकळे दिसत आहेत ना ते पाहून घ्यावे. मामांच्या घरी पाहुणे आतापासूनच ठरलेले आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा फोन आधी माझ्याकडे द्यायचा असे मामांनी परस्पर सांगूनही टाकले आहे.